कोपऱ्यातली बातमी: एका जुन्या सवयीची पार्श्वभूमी

सकाळी साडेसातच्या सुमारास घरच्या ग्रुपवर एक फोटो येऊन पडतो. पेपरचा तुकडा, त्यावर बोटाची सावली, एका ओळीखाली निळ्या पेनाची रेघ. सोबत काकांचं एकच वाक्य, "हे वाचलंत का?" मग मावशी तिच्या सोसायटीतला पाण्याच्या टँकरचा किस्सा टाकते, कोणी रिक्षामागची ओळ टिपून पाठवतं आणि आठ वाजेपर्यंत वेगवेगळ्या शहरांतली पाच घरं एकाच गोष्टीवर हसलेली असतात. मोबाइल आल्यापासून हे खूळ लागलं, असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. कात्री आणि खळ तेवढी मोबाइलने वाचवली. बाकी सवय फार जुनी आहे.

किती जुनी, हे पाहायचं तर छापखान्याच्याही मागे जावं लागतं. पेशवाईत दिल्ली, हैदराबाद अशा दरबारांत मराठ्यांचे वकील असत. दिल्लीत हिंगण्यांचं घराणं, निजामाकडे गोविंदराव काळे. पुण्याला बातमी पोचवणं हे त्यांचं काम. मसलती, फौजांच्या हालचाली हा मुख्य मजकूर झाला, पण त्याच कागदांत पाऊस किती झाला, धारण म्हणजे धान्याचा भाव काय चालला आहे, अमक्या सरदाराचा मिजाज का बिघडला, हेही येतं. ऐकीव गोष्टीला 'बाजारगप्प' असा शब्दच होता. म्हणजे पक्की खबर कुठली आणि चावडीवरची कुठली, याचं भान तेव्हाही होतं. 'बहुत काय लिहिणे' असं म्हणून पत्र संपवायची रीत. त्या तीन शब्दांत पुढचं भेटीत बोलू, हे गृहीतच धरलेलं. आपला 'बखर' हा शब्द 'खबर' मधली अक्षरं उलटून आला, असंही एक मत आहे. सगळ्यांना ते मान्य नाही, मला मात्र आवडतं.

छापील मराठी पत्राची सुरुवात ६ जानेवारी १८३२ ची. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' मुंबईत निघालं. एका रकान्यात मराठी, शेजारी इंग्रजी. आधी पाक्षिक, मग काही महिन्यांतच साप्ताहिक. लोकांना शहाणं करणं हा जांभेकरांचा मुख्य हेतू, पण पत्राचं काम सांगताना त्यांनी चालू काळाच्या बातम्यांबरोबर मनोरंजनही मोजलं होतं. मला ही गोष्ट मोठी वाटते. पहिल्याच मराठी वृत्तपत्राने वाचकाच्या करमणुकीला कमी लेखलं नाही. 'दर्पण' १८४० मध्ये बंद पडलं. मग भाऊ महाजनांचं 'प्रभाकर', पुण्याचं 'ज्ञानप्रकाश' आणि १८८१ मध्ये 'केसरी'.

इथे मात्र काळ गंभीर झाला. परकी सत्ता, सुधारणेचे वाद, खटले, तुरुंगवास. वर्तमानपत्रं खरं तर मतपत्रं झाली. अग्रलेख हा अंकाचा प्राण, आणि कोणाच्या गोठ्यात काय घडलं याला तिथे जागा कुठून असणार? त्यातून 'टवाळां आवडे विनोद' ही समर्थांची ओळ आपल्याकडे घराघरांत पाठ. समर्थांचा रोख काय होता हा वेगळा विषय, पण पिढ्यान्‌पिढ्या या ओळीने हसणाऱ्याला गप्प बसवलं आहे. ठाण्याहून 'हिंदु पंच' निघायचा, शि. म. परांजप्यांच्या 'काळ'मधली वक्रोक्ती लोक चघळत बसायचे, पण ते हसू राजकारणाच्या धारेचं. रोजच्या जगण्यातली गंमत छापण्याजोगी ठरायला विसावं शतक उजाडावं लागलं.

ते दार श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी उघडलं. १९०२ मध्ये 'विविधज्ञानविस्तारा'त त्यांचा 'साक्षीदार' हा विनोदी लेख आला आणि पुढे सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या ही मंडळी सणावारांपासून दागिन्यांपर्यंत सगळ्यावर बोलू लागली. मग राम गणेश गडकरी, मग बडोद्यात राहून लिहिणारे चिं. वि. जोशी. त्यांच्या चिमणरावाच्या घरात काही मोठं घडतच नाही. पाहुणे येतात, गाडी चुकते, बेत फसतो. पण आपल्या घरात झालं ते सांगण्यासारखं आहे, हा धीर मराठी माणसाला चिमणरावाने दिला. त्याच सुमारास ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर लघुनिबंध लिहीत होते, चष्मा हरवला किंवा पाऊस आला एवढ्यावर तीन पानं. आज ग्रुपवर 'आज काय झालं माहितीये?' अशी सुरुवात करणारा प्रत्येक जण या लोकांचं थोडंसं देणं लागतो.

पेपरातला बदल यानंतर आला, आणि त्याचं मोठं श्रेय मी ना. भि. परुळेकरांना देईन. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसाने १ जानेवारी १९३२ ला पुण्यात 'सकाळ' सुरू केला. 'दर्पण'ला तेव्हा शंभर वर्षं होत होती. परुळेकरांनी अग्रलेखाच्या छायेतून बातमी बाहेर काढली. मंडईतले भाव, नळाचं पाणी, गावोगावचे बातमीदार, वाचकांची पत्रं. तालुक्याच्या गावी बैल उधळला, तर तीही बातमी. जाणत्या लोकांनी नाकं मुरडली असतील, पण आज १९३० किंवा १९४० च्या दशकातलं पुणं कसं जगत होतं हे शोधायचं तर अग्रलेखापेक्षा या बारीक बातम्या आणि छोट्या जाहिराती कामाला येतात. अग्रलेखातून मत कळतं. छत्रीची किंमत आणि ती कुठे हरवली हे छोट्या जाहिरातीत सापडतं.

या कोपऱ्यातल्या बातमीमागे छापखान्याची एक गरजही होती. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून पान लावायचे तेव्हा रकाने कधीच बरोबर भरत नसत. दोन बातम्यांच्या मध्ये बोटभर जागा उरायची. ती मोकळी सोडता येत नाही, म्हणून चार-सहा ओळींचे मजेदार तुकडे आधीच जुळवून ठेवलेले असत. त्यांना फिलर म्हणत. कुठे तरी कोंबडीने दुहेरी बलकाचं अंडं दिलं, कुठे चोराने चोरी केल्यावर तिथेच झोप काढली. या तुकड्यांना कोणी महत्त्व देत नसे आणि वाचक मात्र पेपर उघडला की आधी तेच शोधायचे.

पेपर वाचणारे डोळे थोडे आणि ऐकणारे कान जास्त, असा तो काळ. १९५१ च्या जनगणनेत देशात साक्षर जेमतेम १८ टक्के होते. पारावर, केशकर्तनालयात, चाळीच्या गॅलरीत एक जण मोठ्याने वाचायचा. अशा वाचनात बातमी एकटी राहत नाही. वाचणारा थांबतो, ऐकणारा शेरा मारतो, तिसरा आपल्या गावची तशीच गोष्ट सांगतो. तमाशातल्या बतावणीचं बांधकामही हेच, चालू घडामोड घ्यायची आणि तिला आपल्या बोलीत फिरवायचं. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरचं 'पुन्हा प्रपंच' ज्यांनी ऐकलंय त्यांना पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी आठवतील. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी हे तिघं काही मिनिटं घरात बसल्यासारखं बोलायचे. रेशन, बस, महागाई, शेजारी. बातमी आणि घर यांच्यामधली भिंत त्यांनी पाडली होती. आमच्याकडे तेवढा वेळ मिक्सरही बंद असायचा.

आणि मग चुका. बातमीतल्या गमतीचा निम्मा खजिना चुकांचा आहे. मराठीत त्याला 'मुद्राराक्षसाचा विनोद' म्हणतात. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकातली मुद्रा म्हणजे अमात्य राक्षसाची अंगठी. पुढे मुद्रण म्हणजे छपाई झाली आणि त्या राक्षसाला छापखान्यात नोकरी लागली. इतकं चपखल नाव दुसऱ्या कुठल्या भाषेला लाभलं असेल असं मला वाटत नाही.

या राक्षसाला देवनागरीत रान मोकळं होतं, त्याचं कारण खिळ्यांत आहे. इंग्रजीला शंभरेक खिळ्यांत काम भागतं. आपल्याला मूळ अक्षरं, जोडाक्षरं, काना-मात्रा-वेलांट्या धरून काही शे खिळे लागायचे. जुळाऱ्यासमोर खणाखणांचे लाकडी खोके उभे, त्यात हाताच्या सवयीने खिळा उचलायचा. टिळकांनी स्वतः खिळ्यांची संख्या कमी करण्याची खटपट केली ती उगाच नाही. मात्रा आणि अनुस्वार खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबत. दाबाखाली ते तुटायचे आणि वाक्याचा अर्थ फिरायचा. ध आणि घ, भ आणि म यांच्यात तर केसाएवढा फरक. झिजलेला भ कागदावर म होऊनच उमटे. एका अक्षराने काय होतं हे मराठी मनाला वेगळं शिकवावं लागत नाही. 'ध चा मा' ही शनिवारवाड्याची दंतकथा लहानपणापासून ऐकलेली असते.

दुसरी चूक भाषांतराची. १९४९ पासून पीटीआय या वृत्तसंस्थेच्या बातम्या इंग्रजीत यायच्या. टेलिप्रिंटरवर कागद गडगडत असायचा आणि रात्रपाळीचा उपसंपादक डोळे ताणून त्याचं मराठी करायचा. रुळाखालचे स्लीपर आणि झोपलेले प्रवासी यांच्यात पहाटे दोन वाजता गल्लत होऊ शकते. त्यांना हसताना मला नेहमी थोडी हळहळ वाटते, कारण त्याच घाईत त्यांनी आपल्याला शेकडो चांगले शब्द दिले. 'लाल फीत' हे भाषांतर आहे, हे आज कोणाच्या ध्यानातही येत नाही. बातमीची ठरीव भाषाही तिथेच घडली. चोर 'पोबारा' करतो, परिसरात 'एकच खळबळ' उडते, जाहीर नोटीस 'तमाम लोकांस' उद्देशून असते. ही भाषा कोणी घरात बोलत नाही, म्हणून तर जेवताना कोणी "अखेर आमटी घटनास्थळी दाखल झाली" म्हटलं की सगळे हसतात.

संगणक आल्यावर खिळे गेले, पण कात्रण राहिलं. युनिकोड रुळेपर्यंत प्रत्येक दैनिकाचा फॉन्ट निराळा. एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर नेला की नुसते ठिपके आणि चौकोन. परदेशातल्या मराठी माणसाला गावाकडची बातमी पाठवायची तर कापायची, स्कॅन करायची आणि चित्र म्हणून धाडायची. आज टंकलेखन सोपं झालंय तरी आपण पेपरचा फोटोच पाठवतो, आणि मला वाटतं त्यात त्या दिवसांचं वळण शिल्लक आहे. शिवाय फोटोत छापलेलं जसंच्या तसं दिसतं, कोणी रचून सांगितलं म्हणता येत नाही. खंत एवढीच की कापताना तारीख आणि पेपरचं नाव बाहेर राहतं. पंधरा वर्षांपूर्वीचा बिबट्या दर पावसाळ्यात नव्याने विहिरीत पडतो.

माझ्या आजोबांनी ही चूक कधी केली नाही. त्यांची कात्रणांची वही माझ्याकडे आहे. लाल कापडी बांधणीचा जुना रोजमेळ, निम्मी पानं जमाखर्चाची आणि उरलेल्यांवर कात्रणं. मैद्याची खळ ते स्वतः शिजवत, कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालत. अजून पानांच्या कडांना किंचित हिरवट झाक आहे. प्रत्येक कात्रणाखाली पेपरचं नाव आणि तारीख बाळबोधीत, आणि त्याखाली त्यांचा शेरा मोडी लिपीत. मला मोडी येत नव्हती. ते शेरे म्हणजे वर्षानुवर्षं मला नुसत्या लाटा दिसायच्या.

दोन वर्षांपूर्वी मोडीच्या वर्गाला जाऊ लागले. महिनाभराने धीर करून वही उघडली. तेविसाव्या पानावर एका नगरपालिकेचं जाहीर निवेदन चिकटवलेलं होतं. त्यात भ चा म झालेला: 'नागरिकांनी पाणीपट्टीचा मरणा ३१ मार्चपूर्वी करावा.' मरणा या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ. खालची मोडी ओळ अक्षर अक्षर लावत वाचायला मला दहा मिनिटं लागली.

'२९ मार्च रोजी केला. पावती फडताळात.'