राष्ट्र ही भानगड नेमकी सुरू कधी झाली?

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की चहा-समोशाबरोबर एक वाद ठरलेला, भारत हे राष्ट्र हजारो वर्षं जुनं की १९४७ चं? दोन्ही पार्ट्या अगदी हमरीतुमरीवर येतात, म्हणून म्हटलं जरा मागचं लिहून ठेवू.

भांडण मूळचं युरोपातलं. १८०७-०८ मध्ये बर्लिनवर नेपोलियनच्या फौजेचा ताबा असताना फिख्टे या जर्मन तत्त्वज्ञानं भाषणं दिली, सूर असा की भाषा एक म्हणजे लोक एक. मग १८७१ मध्ये जर्मनीनं फ्रान्सकडून अल्सास-लोरेन हा सीमेवरचा प्रदेश घेतला, का तर तिथले बरेचसे लोक जर्मन बोलतात. याला उत्तर १८८२ मध्ये पॅरिसला अर्नेस्ट रेनाँ या फ्रेंच विचारवंतानं दिलं. वंश, भाषा, धर्म यातलं काहीच राष्ट्र बनवायला पुरत नाही, एकत्र सोसलेलं आठवणं आणि पुढेही एकत्र राहायची इच्छा लागते, जणू रोजचं मतदान. आणि बरंच काही विसरावंही लागतं असं तो म्हणाला, हे मात्र कोणी कोट करत नाही!

पुढचा मोठा धमाका १९८३ चा, त्या एका वर्षात राष्ट्रवादावर तीन गाजलेली पुस्तकं आली. अर्नेस्ट गेल्नर हा अभ्यासक म्हणाला कारखानदारीला एकसारखी शिकलेली माणसं लागतात, त्यातून राष्ट्रवाद आला. इतिहासकार हॉब्सबॉम आणि मंडळींनी दाखवलं की पुरातन वाटणाऱ्या कित्येक परंपरा हल्लीच्याच. बेनेडिक्ट अँडरसनचा भर छापखान्यावर, म्हणजे कधीही न भेटलेले लोक तोच पेपर वाचून स्वतःला एक समजायला लागतात, म्हणून राष्ट्र हा त्याच्या मते मनात कल्पिलेला समाज. हे ठाणेकराला लगेच पटावं. १८५३ ला बोरीबंदरहून गाडी इथे आली, १८६६ ला इथूनच 'अरुणोदय' पत्र निघालं, १८९३ ला मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं, आणि त्याच वर्षी पुण्यात टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर दिला. वाचायला पेपर, जायला रेल्वे, जमायला मांडव, सगळं एका पन्नाशीच्या आत.

पण सगळं नवीनच असंही नाही. गेल्नरचाच विद्यार्थी अँथनी स्मिथ म्हणाला की जुन्या कथा, जुन्या आठवणी नसतील तर नव्यानं रचणार कशावर? आणि अँडरसनला आपल्याकडचे अभ्यासक पार्थ चॅटर्जी यांचा चिमटा असा की कल्पनासुद्धा युरोपनंच करून ठेवली असेल तर आम्ही करायचं काय. मला हा मुद्दा भारी वाटतो.

तरी आपल्यासाठी सगळ्यात टोकदार प्रश्न आंबेडकरांचाच. १९४० मध्ये पाकिस्तानवर लिहिताना त्यांनी रेनाँचा आधार घेतला होता, आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी सांगितलं की एकेकाळी पुढाऱ्यांना 'भारताचे लोक' म्हटलेलं आवडायचं नाही, 'भारतीय राष्ट्र' म्हणा असा आग्रह असायचा. मग त्यांनी सरळ विचारलं, हजारो जातींत वाटले गेलेले लोक राष्ट्र कसे होतील? सामाजिक आणि मानसिक अर्थानं आपण अजून राष्ट्र झालेलो नाही, हे जितक्या लवकर कळेल तितकं बरं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे हजारो वर्षंवाले आणि सत्तेचाळीसवाले, दोघांनाही फटका.