कुरिअर बॅग बंदीतून बाहेर राहिली कशी

फ्लिपकार्टने 2007 मध्ये पुस्तकांपासून सुरुवात केली. 2010 मध्ये ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ आली आणि पुढे कपडे, चपला, घरगुती सामान असे सगळेच पार्सलने येऊ लागले. कुरिअरचा दर मात्र नुसत्या वजनावर ठरत नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला बहुधा 5000 ने भागतात. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर पैसे त्याचे. 300 ग्रॅमचा कुर्ता 30×25×10 च्या खोक्यात घातला की दीड किलोचा धरला जातो, पिशवीत घडी करून घातला की अर्ध्या किलोत बसतो. खोके मागे पडून कुरिअर बॅग घरोघरी पोचली ती मुख्यतः या हिशेबामुळे.

ही पिशवी पॉलिथिनच्या थरांची. बाहेरून पांढरी, माल दिसू नये म्हणून आतून काळी किंवा करडी. उघडली तर कळावे म्हणून न सुटणाऱ्या गोंदाची पट्टी, बिलासाठी पारदर्शक खिसा, वर चिकटवलेले लेबल. थर एकाच जातीचे असल्याने ती वितळवता येते. अडचण लेबल, गोंद आणि शाईची. ती सोबत वितळली की वितळवून बनवलेल्या प्लास्टिकच्या दाण्यात कण व हवेचे फुगे राहतात आणि त्यापासून ओढलेली फिल्म, म्हणजे पातळ प्लास्टिकचा पापुद्रा, फाटते. काळ्या थरामुळे फक्त गडद माल निघतो, म्हणून भावही पडतो. पुठ्ठा उचलणे कचरावेचकांना परवडते, काही ग्रॅमची ही पिशवी नाही.

कायद्याने तिला पकडले नाही, आणि हे आम्हाला सर्वांत गंभीर वाटते. 2016 च्या केंद्रीय नियमांतील ‘कॅरी बॅग’च्या व्याख्येतून माल सीलबंद करणाऱ्या पिशव्या वगळल्या आहेत. त्यामुळे 31 डिसेंबर 2022 पासूनची किमान 120 मायक्रॉन जाडीची अट तिला लागू नाही. 1 जुलै 2022 च्या देशव्यापी बंदीच्या यादीत स्ट्रॉ, चमचे, इअरबडच्या काड्या आहेत. कुरिअर बॅग नाही. फेब्रुवारी 2022 च्या उत्पादक-जबाबदारीच्या नियमांत, म्हणजे प्लास्टिक बाजारात आणणाऱ्यांवरच त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकणाऱ्या नियमांत, ती दुसऱ्या वर्गात, लवचिक प्लास्टिकच्या वेष्टनांत, येते. 2024-25 साठी या वर्गाचे पुनर्चक्रीकरणाचे लक्ष्य 30 टक्के होते, 2027-28 पर्यंत ते 60 टक्के होईल. पण लक्ष्य अख्ख्या वर्गाचे आहे. स्वच्छ, एकरंगी फिल्म गोळा करूनही ते गाठता येते. कुरिअर बॅगेचा वेगळा हिशेब कोणी मागत नाही.

अ‍ॅमेझॉनने जून 2020 मध्ये भारतातील आपल्या गोदामांतून एकदाच वापरायचे प्लास्टिक काढल्याचे जाहीर केले. ती घोषणा गोदामांपुरती होती. विक्रेता स्वतःच्या दुकानातून थेट पाठवतो ते पार्सल त्यात येत नाही.

घरी करण्यासारखे एवढेच: लेबल, बिलाचा खिसा आणि गोंदाची पट्टी कात्रीने कापून काढावी, उरलेली कोरडी फिल्म साठवून एकगठ्ठा सुक्या कचऱ्यात द्यावी. सुटी पिशवी वेचली जात नाही, गठ्ठ्याला वजन असते.