नगर हवामान नियोजक

शहराच्या स्थानिक प्रशासनात हवामान बदलाचा आराखडा तयार करणारा आणि तो इतर खात्यांकडून अमलात आणून घेणारा अधिकारी किंवा तज्ज्ञ. मराठीत ‘हवामान’ हा शब्द आजच्या पावसालाही चालतो आणि तीस वर्षांच्या सरासरीलाही. त्यामुळे या पदनामाने वेधशाळेतला माणूस डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात त्याचा बहुतेक वेळ नस्त्या, निविदा आणि अंदाजपत्रकातली लेखाशीर्षे यांत जातो. रस्ता, गटार, बस, इमारत परवाना यांपैकी काहीच त्याच्या ताब्यात नसते, आणि या पदाची खरी अडचण तीच आहे.

शहरांनी हा विषय हाती घेतला तो हवामान बदलावर 1988 मध्ये टोरंटोत झालेल्या परिषदेनंतर. 1990 मध्ये स्थानिक शासनांची ‘इक्ली’ ही संघटना स्थापन झाली आणि 2005 मध्ये लंडनच्या पुढाकाराने मोठ्या शहरांचा गट जमला. तोच पुढे ‘सी 40’ झाला.

कामाची सुरुवात होते हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाच्या ताळेबंदापासून. त्यासाठी 2014 मध्ये प्रसिद्ध झालेली जागतिक पद्धती बहुतेक शहरे वापरतात. तीत शहराच्या हद्दीत जळणारे इंधन, बाहेरून येणारी वीज आणि हद्दीबाहेर होणारे पण शहरामुळेच घडणारे उत्सर्जन अशा तीन कक्षा आहेत. वाचायला हे सोपे वाटते. आकडे मागायला गेल्यावर घोळ सुरू होतो. वीज कंपनीचे विभाग शहराच्या हद्दीशी जुळत नाहीत. पंपावर विकलेल्या डिझेलपैकी किती शहरात जळले, किती ट्रकबरोबर महामार्गावर गेले आणि किती जनित्रांत ओतले गेले, हे विक्रीच्या आकड्यावरून कळत नाही. शिवाय वीजनिर्मितीत कोळशाचा वाटा घटला की शहराने काडी न हलवताही त्याचे उत्सर्जन उतरते. प्रामाणिक नियोजक ही घट वेगळी दाखवतो. तिच्यावर शहराचे नाव लावण्याचा मोह मात्र मोठा असतो.

दुसरे अंग अनुकूलनाचे, म्हणजे बदलत्या हवामानाला तोंड देण्याच्या तयारीचे. त्याचा सर्वांत शिकण्यासारखा नमुना कोपनहेगनचा. 2 जुलै 2011 रोजी तिथे दोन-तीन तासांत सुमारे 150 मिलिमीटर पाऊस कोसळला आणि तळघरे, रस्ते पाण्याखाली गेले. 2012 च्या ढगफुटी आराखड्यात शहराने हिशेब मांडला, की एवढे पाणी पोटात घेणाऱ्या मोठ्या वाहिन्या पुरण्यापेक्षा ते जमिनीवरूनच वाट काढून नेणे स्वस्त पडते. उद्दिष्टही मोजता येईल असे ठेवले: शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसातही रस्त्यावर 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी साचू नये. एरवी रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता असतो. इथे काही रस्ते उलटे, मधे खोलगट केले, म्हणजे पाणी घरांपासून लांब, रस्त्याच्या मधोमध वाहते. अशा ठिकाणी नियोजकाची टिपणी निविदा निघण्याआधी रस्ते खात्याच्या टेबलावर पोहोचली नाही, तर रस्ता जुन्याच उताराने होतो आणि पुढच्या डागडुजीपर्यंत तसाच राहतो.

उष्णतेच्या बाबतीत पैशापेक्षा निरोप वेळेवर जाण्याला महत्त्व असते. 2010 च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर अहमदाबादने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा आणला. अंदाज 45 अंश किंवा त्याहून अधिक असला की लाल इशारा; मग रुग्णालये, पाणीपुरवठा आणि मजुरांना कामावर ठेवणारे यांना कोणी काय करायचे ते आधीच ठरलेले. दक्षिण आशियातला हा या प्रकारचा पहिला आराखडा मानला जातो.

अधिकार नसताना काम कसे करून घ्यायचे, याची उत्तरे शहरागणिक वेगळी आहेत. ओस्लोने 2017 च्या अंदाजपत्रकात ‘हवामान अंदाजपत्रक’ जोडले: पैशाप्रमाणेच उत्सर्जनाच्या टनांचाही हिशेब, प्रत्येक उपायापुढे जबाबदार खाते, आणि सगळ्याचा समन्वय वित्त विभागाकडे. सुंदर छापलेल्या अहवालापेक्षा ही युक्ती जास्त कामाची, कारण पर्यावरण विभागाचे पत्र बाजूला ठेवता येते, वित्त विभागाचे नाही. न्यूयॉर्कने 2019 मध्ये कायद्याचा मार्ग धरला. 25,000 चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींना उत्सर्जनाची मर्यादा घातली आणि वरच्या प्रत्येक टनाला 268 डॉलर दंड ठेवला.

पदाला ठरावीक पदवी नसते. नगररचना, स्थापत्य, पर्यावरणशास्त्र, सार्वजनिक आरोग्य अशा कुठल्याही वाटेने माणसे येतात. कुठे तो महापौरांच्या कार्यालयात बसतो, कुठे पर्यावरण विभागाच्या कोपऱ्यात. बसायची जागा पाहून त्याचे किती चालते याचा अंदाज येतो.

काही गोष्टी तर शहराच्याही हातात नसतात. 2025 पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याचे, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे, कोपनहेगनचे उद्दिष्ट कचरा जाळून ऊर्जा बनवणाऱ्या तिथल्या प्रकल्पात कार्बन पकडण्याच्या योजनेवर टेकलेले होते. तिला राष्ट्रीय निधी मिळाला नाही, आणि 2022 मध्ये शहराने ते साल सोडून दिले.