पावसाळ्यातील जिवाणूजन्य रोग आणि आपल्या कुंड्या

डाळिंबावरील तेल्या किंवा लिंबावरील खैऱ्या हे जिवाणूजन्य रोग म्हणजे शेतकऱ्यांचे प्रश्न असून मुंबईतील बाल्कनीशी त्यांचा संबंध नाही, असे आमच्या अनेक ग्राहकांना वाटते. मात्र हे जिवाणू शेताच्या बांधापाशी थांबत नाहीत. ‘सुडोमोनास सिरिंजी’ हा झाडांना रोग लावणारा जिवाणू ढगांत, पावसात, बर्फात आणि डोंगरातील ओढ्यांतही आढळला आहे. वांगी-टोमॅटोवर मर (रोप सुकवणारा रोग) आणणारा ‘राल्स्टोनिया’ हा जिवाणू युरोपात नदीकाठच्या, बटाट्याच्याच कुळातील एका रानवेलीच्या मुळांत टिकून राहतो, तेथून पाण्यात उतरतो आणि त्या पाण्यावर भिजवलेल्या बटाट्याच्या शेतापर्यंत पोहोचतो. वेल मात्र बहुधा निरोगीच दिसते.

मुंबईत जून ते सप्टेंबर पाने सुकतच नाहीत, आणि वाऱ्याबरोबर उडणारे शिंतोडे रोग एका कुंडीतून दुसरीत नेतात. लिंबाच्या पानावर नागअळीने कोरलेल्या वाटांतून खैऱ्याचा जिवाणू सहज आत शिरतो. पिवळ्या कड्यातील त्याच्या तपकिरी डागावरून बोट फिरवल्यास तो खरखरीत लागतो. अँथुरियमच्या पानाच्या कडेला सकाळी जे पाण्याचे थेंब दिसतात, त्यांतूनही करपा पसरतो आणि शेजारच्या डिफेनबेकिया व सिंगोनियमलाही होतो. म्हणून पाणी पानांवर न शिंपडता मुळाशी घालावे, आणि प्रत्येक रोप छाटल्यानंतर कात्री सत्तर टक्के अल्कोहोलने पुसावी. आमच्या मते कोणत्याही फवारणीपेक्षा ही सवय अधिक मोलाची आहे.

टोमॅटो, वांगे किंवा मिरचीचे रोप पाने हिरवी असतानाच मान टाकू लागले, तर खोडाचा बुंध्याजवळचा तुकडा कापून त्याचे टोक स्वच्छ पाण्याच्या ग्लासात न हलवता धरावे. काही मिनिटांत त्यातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरू लागले, तर ती जिवाणूजन्य मर समजावी. असे रोप वाचवणारे औषध आमच्याकडे नाही, आणि कोणी तसे सांगून विकत असल्यास कृपया घेऊ नये. तांबेयुक्त फवारणीने पानांवरील नव्या लागणीला काहीसा आळा बसतो, परंतु खोडात शिरलेला रोग बरा होत नाही. रोप मातीसह पिशवीत बांधून टाकावे, सोसायटीच्या खतखड्ड्यात किंवा बागेत टाकू नये, आणि कुंडीखालच्या ताटलीतील पाणी दुसऱ्या झाडाला घालू नये.

संशयित रोप दुकानात आणू नये, कारण त्यामुळे इतर रोपांना लागण होऊ शकते. पानाचे व खोडाचे छायाचित्र पाठवावे. गरज वाटल्यास आम्ही घरी येऊन पाहू.