‘फायनलची तिकिटं आहेत का?’ : रग्बी चॅम्पियनशिप पाहायला येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ऑकलंडमधल्या आमच्या छोट्या प्रवास कार्यालयात हिवाळा लागला की एकच फोन वारंवार येतो. “सप्टेंबरमध्ये आई-बाबा येतायत. रग्बी चॅम्पियनशिपच्या फायनलची चार तिकिटं धरून ठेवा.” पुण्या-ठाण्याहून येणारे ग्रुपसुद्धा हेच विचारतात. प्रत्येकाला फोनवर समजावण्यात बराच वेळ जातो, आणि तोवर चांगल्या जागा दुसऱ्यांच्या हाती गेलेल्या असतात. म्हणून हे पत्रक. बुकिंगसाठी फोन करण्यापूर्वी ते एकदा वाचा.

या स्पर्धेत फायनल नसते. सेमीफायनलही नसते.

न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिना हे चार संघ एकमेकांशी दोन-दोनदा खेळतात. एकूण १२ सामने, सहा फेऱ्या. शेवटी गुणतक्त्यात जो वर, तो विजेता. आयपीएलमधून प्लेऑफ काढून टाकले आणि साखळी संपताच कप दिला, तर जे होईल तेच इथे होतं. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं, त्यामुळे स्पर्धा म्हटली की शेवटी एक मोठा सामना असणारच असं आपण धरून चालतो. त्यात ग्राहकांची चूक काहीच नाही. पण याच समजापायी रजा, विमानाची तिकिटं आणि हॉटेल शेवटच्या शनिवारभोवती बांधली जातात, आणि तिथून पुढे आमचं आणि तुमचं दोघांचंही काम अवघड होतं.

कारण शेवटच्या शनिवारी दोन वेगळ्या ठिकाणी दोन सामने असतात, आणि कप कुठल्या मैदानावर ठरेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. २०२२ चं उदाहरण घ्या. २४ सप्टेंबरला इथल्या ईडन पार्कवर ऑल ब्लॅक्सनी, म्हणजे न्यूझीलंडच्या संघाने, ऑस्ट्रेलियाला ४०-१४ असं हरवलं. स्टेडियम खचाखच भरलेलं, सगळे खुशीत, पण विजेतेपद तेव्हा निश्चित झालंच नव्हतं. दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिना यांचा सामना डर्बनला व्हायचा होता, आणि तिथे दक्षिण आफ्रिकेने बोनस गुणासह (तो कसा मिळतो ते पुढे आहे) मोठ्या फरकाने विजय मिळवला असता तर कप त्यांचा झाला असता. तो सामना इथल्या घड्याळाने पहाटे झाला. दक्षिण आफ्रिका ३८-२१ ने जिंकली, पण तेवढा फरक पुरेसा नव्हता. ऑल ब्लॅक्स विजेते ठरले तेव्हा ईडन पार्कवर आलेले बहुतेक जण घरी झोपलेले होते.

२०२५ मध्ये तर शेवटची फेरी दोन खंडांवर होती. ४ ऑक्टोबरला ऑल ब्लॅक्सनी पर्थमध्ये ऑस्ट्रेलियाला २८-१४ असं हरवलं. त्यानंतर काही तासांनी लंडनच्या ट्विकनहॅमवर दक्षिण आफ्रिकेने अर्जेंटिनाला २९-२७ असं निसटतं हरवलं. लंडनमधला हा सामना अर्जेंटिनाचा ‘घरचा’ होता. न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका दोघांचेही तक्त्यात १९ गुण झाले, आणि सामन्यांत केलेल्या व स्वीकारलेल्या गुणांच्या फरकावर कप दक्षिण आफ्रिकेकडे गेला. आता मागे वळून पाहा: हा फरक आला कुठून? १३ सप्टेंबरला वेलिंग्टनमध्ये दक्षिण आफ्रिकेने ऑल ब्लॅक्सना ४३-१० असं चिरडलं होतं. ऑल ब्लॅक्सच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा पराभव. म्हणजे ज्यांनी वेलिंग्टनचं तिकीट घेतलं, त्यांनी कप जिथे हातातून निसटला तो सामना पाहिला, आणि ‘फायनल’ म्हणून पर्थला गेलेल्यांना शेवटचा निकाल फोनवर बघावा लागला.

एका कुटुंबाने गेल्या वर्षी आम्हाला न विचारताच पर्थची विमानं काढून ठेवली होती. आई-बाबांकडे व्हिसा होता तो न्यूझीलंडचा. भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियाचा व्हिसा वेगळा लागतो, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा वेळ उरला नव्हता. ती विमानं वाया गेली. पर्थच्या सामन्याआधी चारच आठवडे त्यांच्या घरापासून तासाभरावर, ईडन पार्कवर, ऑल ब्लॅक्स आणि दक्षिण आफ्रिका हा वर्षातला सर्वोत्तम सामना झाला होता.

कधी कधी शेवटचा सामना खरोखर फायनलसारखा होतो, हेही खरं. २०१५ मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडला २७-१९ असं हरवून थेट कप उचलला. (त्याच दिवशी डर्बनला अर्जेंटिनाने दक्षिण आफ्रिकेवर पहिलावहिला विजय मिळवला. रग्बीवर प्रेम करणाऱ्याने कुठला सामना निवडला असता, सांगा!) पण असा योग नशिबावर अवलंबून असतो, आणि नशिबावर पैसे लावायला आम्ही ग्राहकाला कधीच सांगत नाही.

मग निवड कशी करायची? तारीख बाजूला ठेवा. आधी संघांची जोडी ठरवा, मग शहर.

पहिल्यांदाच येणाऱ्याला आम्ही न्यूझीलंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका हा सामना सुचवतो. १९९६ मध्ये ही स्पर्धा ट्राय नेशन्स म्हणून तीन संघांत सुरू झाली, तेव्हापासून तिच्यातलं सगळ्यात कडवं वैर या दोघांतलं आहे. अर्जेंटिना २०१२ मध्ये आली आणि स्पर्धेचं नाव बदललं. दुसरी निवड ब्लेडिस्लो कप, म्हणजे न्यूझीलंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया. हा कप चॅम्पियनशिपहून खूप जुना आहे, १९३० च्या दशकात त्या वेळचे गव्हर्नर जनरल लॉर्ड ब्लेडिस्लो यांनी दिलेला. २००३ पासून तो न्यूझीलंडकडेच आहे. चॅम्पियनशिपचे सामनेच त्याचेही सामने म्हणून मोजले जातात, त्यामुळे एका तिकिटात दोन लढती पाहायला मिळतात. गर्दीचा अंदाज सांगायचा तर २००० साली सिडनीत ब्लेडिस्लोच्या एका सामन्याला १,०९,८७४ प्रेक्षक होते, आणि न्यूझीलंडने तो ३९-३५ ने जिंकला.

अर्जेंटिनाचे सामने लोक दुय्यम समजतात. तसं समजू नका. २०२० मध्ये सिडनीत त्यांनी ऑल ब्लॅक्सना पहिल्यांदा हरवलं, २५-१५, आणि निकोलास सांचेझने सगळेच्या सगळे २५ गुण एकट्याने केले. २०२५ मध्ये ब्युनॉस आयर्सला, स्वतःच्या घरी पहिल्यांदा, २९-२३ ने. कमी खर्चात चांगली जागा हवी असेल तर न्यूझीलंडमधला अर्जेंटिनाचा सामना घ्या, असं आम्ही जवळच्या माणसांनाही सांगतो.

गुण कसे मोजतात हे ठाऊक असेल तर सामना दुप्पट रंगतो. विजयाला ४ गुण, बरोबरीला २. प्रतिस्पर्ध्यापेक्षा किमान तीन ट्राय (चेंडू समोरच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवणं) जास्त केल्यास एक बोनस, आणि सात किंवा कमी गुणांनी हरल्यास हरणाऱ्यालाही एक बोनस. त्यामुळे सामना हातातून गेल्यावरही संघ शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजत असतो. ७५ व्या मिनिटाला उठून पार्किंगकडे धावणाऱ्यांनी हे मनात ठेवावं.

मैदानाबद्दल थोडं. ईडन पार्कवर ऑल ब्लॅक्स १९९४ पासून हरलेले नाहीत, म्हणून तिथली तिकिटं सगळ्यात आधी संपतात. किंग्सलँड स्टेशन अगदी शेजारी आहे, गाडी घेऊन जाऊ नका. सामन्यानंतर भूक लागली तर सँडरिंगहॅम रोडवर चालत जा, तिकडे आपल्या जेवणाची सोय होते. ऑगस्टमधली रात्र गार आणि बहुधा ओली असते, म्हणून आई-बाबांसाठी छपराखालच्या जागा आम्ही थोडे जास्त पैसे लागले तरी आग्रहाने देतो. डनेडिनचं स्टेडियम पूर्ण छताखाली आहे, ज्येष्ठांसाठी ते उत्तम. दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्यांनी उंची ध्यानात घ्यावी. जोहान्सबर्गचं एलिस पार्क सुमारे १,७५० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही वर. पाहुण्या संघांची शेवटच्या वीस मिनिटांत दमछाक होते, त्याला हेही एक कारण आहे. पायऱ्या चढून वरच्या स्टँडला जाताना प्रेक्षकालाही धाप लागते.

आणि हाका, म्हणजे सामन्याआधी ऑल ब्लॅक्स करतात तो माओरी नाच, चुकवू नका. राष्ट्रगीतं झाली की लगेच हाका होतो, त्यासाठी निदान अर्धा तास आधी जागेवर बसा. ‘कापा ओ पांगो’ हा नवा हाका पहिल्यांदा २००५ मध्ये याच स्पर्धेत, डनेडिनला दक्षिण आफ्रिकेसमोर सादर झाला. भारतात घरी बसून पाहणाऱ्यांनाही सांगून ठेवा: ऑगस्टमध्ये इथला संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांचा सामना तिकडे दुपारी १२.३५ ला दिसतो, दक्षिण आफ्रिकेतला रात्री, आणि अर्जेंटिनातला बऱ्याचदा मध्यरात्रीनंतर. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी इथलं घड्याळ एक तास पुढे जातं, तेव्हा भारतातली वेळ एक तास आधीची होते.

२०२६ साठी विशेष सूचना

या वर्षी रग्बी चॅम्पियनशिप होणार नाही. कुणी तिच्या नावाने आगाऊ पैसे मागत असेल तर देऊ नका. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ऑल ब्लॅक्स दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर आहेत. तीन कसोट्या (रग्बीत आंतरराष्ट्रीय सामन्याला कसोटी म्हणतात) तिकडे, दोन जोहान्सबर्गच्या वेगवेगळ्या मैदानांवर आणि एक केपटाऊनला, चौथी अमेरिकेत बाल्टिमोरला. जुलैपासून १२ संघांची नेशन्स चॅम्पियनशिप नव्याने सुरू होते आहे. तिच्यात मात्र फायनल आहे, नोव्हेंबरच्या शेवटी, लंडनला. आणि ज्यांना फायनलच पाहायची आहे त्यांनी आत्तापासून २०२७ च्या विश्वचषकाचा विचार करावा. तो ऑस्ट्रेलियात आहे, १ ऑक्टोबरला सुरू होऊन १३ नोव्हेंबरला सिडनीत अंतिम सामना. त्यासाठीची इच्छुकांची यादी आम्ही उघडली आहे, नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत.

आमच्या कामाच्या पद्धतीबद्दल

सामने अधिकृतपणे जाहीर झाल्याशिवाय आम्ही आगाऊ रक्कम घेत नाही. काहींना हा ढिसाळपणा वाटतो. पण या स्पर्धेचं ठिकाण दर वर्षी बदलतं, विश्वचषकाच्या वर्षी सामने निम्मे होतात, आणि कोरोनाच्या काळात तर अख्खी स्पर्धाच ऑस्ट्रेलियात हलवावी लागली. अशा वेळी अंदाजावर तुमचे पैसे अडकवणं आम्हाला पटत नाही. दुसऱ्याच्या हातातली, दुप्पट भावाची तिकिटंही आम्ही विकत नाही. गेटवर ती बाद ठरली तर सासऱ्यांसमोर मान खाली घालावी लागते ती तुम्हालाच.

आमची सेवा-फी इंटरनेटवरच्या स्वतःच्या बुकिंगपेक्षा थोडी जास्त पडते, हे आम्ही लपवत नाही. त्या फीत जागेची निवड, व्हिसाच्या कागदांची तपासणी, सामन्याच्या दिवशी फोनवर मराठीत बोलणारं माणूस, आणि सामन्याची वेळ बदलली तर गाडी व हॉटेलची फेरजुळणी, एवढं सगळं येतं. ज्यांनी एकदा आमच्याकडून नेलं, ते बहुधा पुढच्या वर्षी शेजाऱ्यालाही घेऊन येतात.

फोन करताना फक्त एवढं सांगा: कोणते दोन संघ, किती माणसं, त्यात ज्येष्ठ आणि मुलं किती, आणि प्रत्येकाच्या पासपोर्टवर कोणत्या देशाचा व्हिसा आहे. शहर आणि तारखेचे दोन-तीन पर्याय आम्ही दुसऱ्या दिवशी कळवतो. विमानाचं तिकीट तोवर काढू नका.