स्किअन-डूची चामडी मूठ

स्कॉटलंडच्या हायलँड्स या डोंगराळ प्रदेशातील पोशाखात किल्ट या गुडघ्यापर्यंतच्या चुणीदार वस्त्राखालच्या लोकरी मोज्यात खोचली जाणारी आखूड सुरी म्हणजे स्किअन-डू. तिचे पाते एकधारी, साधारण ७.५ ते १० सेंमी. लांबीचे असते. मूठ बहुधा लाकडाची किंवा हरणाच्या शिंगाची असते. चामड्याची मूठ ही मुख्यतः अलीकडच्या कारागिरांची पद्धत दिसते.

गेलिक भाषेत ‘स्किअन’ म्हणजे सुरी आणि ‘डू’ म्हणजे काळा. हा काळेपणा कशाचा, याविषयी मतभेद आहेत. ‘डू’ला ‘गुप्त’ अशीही छटा असल्याने काही अभ्यासक ‘लपवलेली सुरी’ असा अर्थ लावतात आणि तिचा संबंध काखेत बाळगल्या जाणाऱ्या ‘स्किअन-आख्लश’ या सुरीशी जोडतात. दुसऱ्या मतानुसार नाव मुठीच्या रंगावरून पडले. जुन्या मुठींसाठी दलदलीत शतकानुशतके गाडले गेलेले ओक लाकूड वापरत, आणि ते खरोखरच काळे असते. दुसरे मत अधिक साधे व ग्राह्य वाटते. मोज्यात सुरी खोचण्याची रीत अठराव्या शतकाच्या अखेरीस किंवा एकोणिसाव्याच्या आरंभी रूढ झाली असावी. हेन्री रेबर्न याने सुमारे १८१२ मध्ये काढलेल्या ग्लेनगॅरीच्या मॅकडॉनेल या हायलँड्समधील कुळप्रमुखाच्या व्यक्तिचित्रात ती दिसते. ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज याच्या १८२२ मधील एडिंबरो भेटीनंतर हा पोशाख अधिक प्रतिष्ठित झाला.

ओक लाकूड काळे पडते ते त्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य आणि दलदलीच्या पाण्यातील लोहक्षार यांच्या संयोगाने. झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यातही टॅनिन असते. म्हणून व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस मुरवून केलेले पाणी त्यावर फिरवले, की काही मिनिटांत ते तसेच काळे होते. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्लता मारतात. रंग वरून न चढवता चामड्यातच उतरत असल्याने ‘डू’ या नावाला शोभणारी मूठ करण्याचा याहून योग्य मार्ग नाही. क्रोम क्षारांनी कमावलेले चामडे मऊ असते, त्याला नीट कानस लागत नाही आणि या पाण्याने ते असे काळेही होत नाही. कोल्हापुरी पायताणाचे बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेले चामडे मात्र सालीने कमावलेल्या, म्हणजे काळे होणाऱ्या जातीचे.

मुठीसाठी ३ ते ४ मिमी. जाडीच्या चकत्या कापतात. ९ सेंमी. मुठीला २५ ते ३० चकत्या पुरतात. प्रत्येकीत पात्याच्या मुठीत शिरणाऱ्या अरुंद भागाच्या मापाचीच चीर पाडावी लागते. गोल भोक पाडले तर चकती फिरते. चकत्यांना सरस किंवा इपॉक्सी लावून त्या एकावर एक ओवतात, घट्ट दाबून सुकू देतात आणि शेवटी धातूचा माथा बसवून पात्याच्या त्या अरुंद भागाचे टोक त्यावर ठोकून पसरवतात. मग कानशीने आकार, बारीक पॉलिश कागद, आणि मधमाशांचे मेण लावून घासणे. घासल्यावर थर मिटून पृष्ठभाग शिंगासारखा चकाकतो.

टॅनिन लोखंडाला काळे करते, तसे ओल्या चामड्यातील आम्ल त्याला गंजवते. चामड्यात दडलेला पात्याचा भाग म्हणूनच आधी इपॉक्सीने पूर्ण झाकावा. या कामात सर्वाधिक चूक येथेच होते आणि ती कळते तोवर मूठ हलू लागलेली असते.

सार्वजनिक ठिकाणी सुरी बाळगण्याविषयीच्या स्कॉटलंडच्या १९९५ च्या कायद्यात राष्ट्रीय पोशाखाचा भाग असलेल्या सुरीला सवलत आहे. धार्मिक कारणासाठीची सवलतही त्याच कलमात असून शिखांच्या कृपाणाला तिचाच आधार मिळतो.