शालेय सॉफ्टबॉल संघ जिल्ह्याच्या पुढे न्यायचाय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पूर्ण माहिती

आमची शाळा बीड जिल्ह्यातली. मुलींचा १७ वर्षांखालचा सॉफ्टबॉल संघ सलग दोन वर्षं जिल्ह्यात पहिला आला आणि दोन्ही वेळा विभागावर पहिल्याच सामन्यात हरला. पहिल्या वर्षी तर आमची पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारी, मैदानात उतरलीच नाही. आधारवर वडिलांचं नाव एक आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला दुसरं, म्हणून तपासणीच्या टेबलावर तिचा फॉर्म बाजूला ठेवला गेला. पोरगी दिवसभर ग्लोव्ह मांडीवर घेऊन कडेला बसली होती. ते कागद जूनमध्ये मी बघायला हवे होते. तेव्हापासून कागदांचं काम मी सरावाइतकंच मनावर घेतो, आणि मराठवाड्यातल्या इतर क्रीडा शिक्षकांसाठी, पालकांसाठी ते इथे सविस्तर लिहितोय.

वर जायच्या दोन वाटा

पहिली वाट शालेय स्पर्धांची. या स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या. जिल्ह्यात त्या जिल्हा क्रीडा परिषद आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय घेतं. जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशी चढण आहे. कबड्डी, खो-खोसारखा तालुक्याचा टप्पा सॉफ्टबॉलला बहुतेक ठिकाणी नसतो, संघ थेट जिल्ह्याला उतरतो. क्रीडा खात्याच्या रचनेत लातूर, नांदेड आणि धाराशिव हे लातूर विभागात येतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली आणि बीड छत्रपती संभाजीनगर विभागात. महानगरपालिकेच्या हद्दीतल्या शाळांची स्पर्धा वेगळी होते आणि तिथला विजेता वेगळा संघ म्हणून विभागावर येतो. त्यामुळे विभागावर आपल्यापुढे फक्त जिल्ह्यांचे संघ असतात असं समजू नका. शहरातले, वर्षभर सराव करणारे संघही असतात.

दुसरी वाट संघटनेची. जिल्हा सॉफ्टबॉल संघटना निवड चाचणी घेते, त्यातून जिल्ह्याचा संघ होतो आणि तो राज्य संघटनेच्या अजिंक्यपद स्पर्धेत खेळतो. इथे संघ एका शाळेचा नसतो, जिल्ह्यातले निवडक खेळाडू एकत्र येतात. ज्या मुलीला शाळेत तिच्या तोडीचं कुणी मिळत नाही, तिला या चाचणीला जरूर पाठवा. परत येते तेव्हा ती सगळ्या संघाला काहीतरी शिकवते. दोन्ही वाटा एकाच वर्षी चालता येतात, फक्त तारखा एकमेकींवर येत नाहीत ना, हे आधी बघा.

कोण पात्र

शालेय स्पर्धेत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे मुला-मुलींचे स्वतंत्र गट असतात. वय वर्षाच्या शेवटावर मोजतात, म्हणून अट १ जानेवारीच्या जन्मतारखेने सांगितली जाते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १४ खालच्या गटाला १ जानेवारी २०१२ किंवा त्यानंतरचा जन्म हवा, १७ ला २००९ आणि १९ ला २००७. पुढच्या प्रत्येक हंगामाला एक वर्ष पुढे सरकवायचं. संघातले सगळे खेळाडू त्याच शाळेचे किंवा कनिष्ठ महाविद्यालयाचे नियमित विद्यार्थी असावे लागतात. शेजारच्या गावातली चांगली कॅचर (बॅटरच्या मागे चेंडू झेलणारी) आपल्या संघात घ्यायची असेल तर तिचा प्रवेशच आपल्या शाळेत असला पाहिजे. केवळ खेळण्यापुरतं नाव दाखवून कुणाला उतरवू नका. आक्षेप आला की सगळा संघ बाद होतो आणि त्याची शिक्षा बाकीच्या पोरींना होते.

कागद

मूळ आणि झेरॉक्स दोन्ही तयार ठेवायचे. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा आणि फोटोचा पात्रता फॉर्म, जन्म दाखला, पहिलीच्या प्रवेशाचा जनरल रजिस्टरचा उतारा, आधार, बोनाफाइड, मागच्या इयत्तेची गुणपत्रिका, पालकांचं संमतिपत्र आणि डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. एवढं जवळ असलं की कुठल्याही टप्प्यावर धावपळ होत नाही. परिपत्रकात त्या वर्षी आणखी काही मागितलं असेल तर तेही जोडा.

यात सगळ्यात जास्त अडचण जन्म दाखल्याची येते. आपल्याकडे पुष्कळ दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, जागा कोरी असते, कारण नोंद झाली तेव्हा बारसं झालेलं नव्हतं. असं नाव नोंदीपासून १५ वर्षांच्या आत घालता येतं. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत अर्ज द्यायचा, वर्षानंतर त्यासाठी थोडं विलंब शुल्क लागतं. मुलगी सातवी-आठवीत असतानाच हे करून टाका. जन्माची नोंदच झालेली नसेल तर मात्र एक वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय ती होत नाही आणि त्याला महिने लागतात.

शाळेच्या रजिस्टरमधली जन्मतारीख किंवा नाव मुख्याध्यापक स्वतःहून बदलू शकत नाहीत. पुराव्यासह शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जातो, आणि तो मुलगी शाळेत असतानाच व्हायला हवा. आधारवर जन्मतारीख एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येतं, तेव्हा घाईने चुकीची दुरुस्ती करू नका. १५ वर्षं पूर्ण झाली की आधारचे बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात. ते राहिले असतील तर दुरुस्तीच्या वेळीच करून घ्या.

मी आता एक साधी वही ठेवतो. प्रत्येक मुलीच्या नावापुढे जन्म दाखला, रजिस्टर, आधार आणि यूडायसवरचं (विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतलं) नाव अक्षर अन् अक्षर लिहून घेतो. 'गिता' आणि 'गीता', वडिलांचं 'बाबूराव' आणि 'बाबुराव' असला फरक तिथेच डोळ्यात भरतो.

ऊसतोडीचं वेळापत्रक आणि स्पर्धेचं वेळापत्रक

हा भाग परिपत्रकात सापडणार नाही, पण बीड, जालना, धाराशिवच्या शिक्षकांना तो ठाऊक हवा. दसरा झाला की आई-वडील कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात जातात, आणि नेमक्या त्याच दिवसांत संघ जिल्ह्यावरून विभागावर जायचा असतो. मुलगी आजीपाशी नाही तर हंगामी वसतिगृहात राहते, पण आधारला जोडलेला मोबाईल वडिलांबरोबर फडात असतो आणि ओटीपी तिकडे जातो. म्हणून संमतिपत्रावर सप्टेंबरच्या आतच सही घ्या, आणि त्यात जिल्ह्यासोबत विभाग आणि राज्य या टप्प्यांचाही उल्लेख करा. मागे राहणाऱ्या आजी-आजोबांचा किंवा मामाचा नंबर लिहून घ्या. काही पालक मुलीला सोबत न्यायचं ठरवतात. त्यांच्या घरी जाऊन बसा, बोला. आमच्या दोन खेळाडू अशाच गावात राहिल्या.

अर्ज कसा करायचा

जून-जुलैमध्ये जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय क्रीडा शिक्षकांची सहविचार सभा घेतं. ती चुकवू नका. खेळांचं वेळापत्रक, प्रवेशिकेची शेवटची तारीख, शुल्क, संघात किती खेळाडू, हे सगळं तिथेच कळतं. त्यानंतर शाळेच्या लॉगिनने कार्यालयाच्या ऑनलाइन प्रणालीवर खेळाडूंची नावं भरायची, प्रिंट काढून मुख्याध्यापकांची सही-शिक्का घ्यायचा आणि सामन्याच्या दिवशी मूळ कागदांसह हजर व्हायचं. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ रखडतं, चार दिवस आधी भरा. प्रवेशिकेत नाव नसलेली मुलगी पुढे खेळवता येत नाही, तेव्हा राखीव खेळाडूंची जागा रिकामी ठेवू नका.

जिल्ह्यात जिंकल्यावर विभागासाठी तेच कागद पुन्हा तपासले जातात. राज्य स्पर्धेतून निवड चाचणीने महाराष्ट्राचा संघ ठरतो, त्यामुळे तिथे संघ हरला तरी चांगल्या खेळाडूची संधी उरते. हे मुलींना सामन्याआधीच सांगा.

कागद पोहोचले, आता खेळ

दुसऱ्या वर्षी आमचे कागद चोख होते, तरी हरलो. समोरची पिचर पूर्ण हात फिरवून चेंडू सोडत होती आणि आमच्या मुलींनी तसा वेग पाहिलेलाच नव्हता. शिवाय क्रिकेटची सवय नडली. नॉन-स्ट्रायकरसारखं चेंडू सुटायच्या आत बेस, म्हणजे धावताना थांबायची जागा, सोडायचा आणि बाद व्हायचं. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत धावपटूने बेस सोडायचा नसतो. तिसरा स्ट्राइक, म्हणजे एरवी बॅटर बाद होते तो तिसरा हुकलेला चेंडू, कॅचरच्या हातून निसटला आणि पहिला बेस मोकळा असला, तर बॅटर पळू शकते, हेही आमच्यातल्या अर्ध्या जणींना माहीत नव्हतं. यंदा महाविद्यालयातल्या एका मोठ्या पिचरला आठवड्यातून दोन दिवस बोलावतो. बेस ६० फुटांवर आणि पिचिंग प्लेट (पिचर जिथून चेंडू टाकते ती जागा) महिलांच्या सामन्याच्या ४३ फुटांवर चुन्याने आखून घेतली आहे. शेजारच्या तालुक्यातल्या मुलांच्या संघाशी पूर्ण सात डावांचे सराव सामने ठेवले आहेत.

साहित्यासाठी सरकारी शाळांना समग्र शिक्षा अभियानात क्रीडा अनुदान आहे: प्राथमिकला ५ हजार, उच्च प्राथमिकला १० हजार, माध्यमिकला २५ हजारांपर्यंत. त्यातून आधी कॅचरचं हेल्मेट, छातीचं कवच आणि लेगगार्ड घ्या, बॅट नंतर. प्रवासाला एसटी बरी पडते, मुलींना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे.

स्पर्धा संपली की प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख मैदान सोडायच्या आत वाचा, चूक असेल तर तिथेच सांगा. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून मंडळाकडे जातो. पुढे नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठीही प्रमाणपत्राची पडताळणी होते. मूळ प्रत लॅमिनेट करू नका, प्लास्टिकच्या फाईलमध्ये ठेवा आणि एक झेरॉक्स शाळेच्या दप्तरी लावून घ्या.